दोन हंगाम, एकच गळती: खान्देशातल्या पेट्रोल टर्मिनलवरच्या पंप सीलचं प्रकरण

जळगाव-भुसावळ पट्ट्यातलं एक पेट्रोलियम टर्मिनल. पेट्रोल भरणीचे दोन पंप, ए आणि बी. तीन वर्षांत दोघांची मिळून ११ मेकॅनिकल सील (फिरत्या शाफ्टपाशी पेट्रोल अडवणारे भाग) बदलली गेली. देखभालीच्या रजिस्टरात प्रत्येक वेळी एवढंच लिहिलेलं: ‘सील लीक, बदलले.’ त्यातली ८ सील बी पंपाची, त्यामुळे ‘बी पंपच खराब आहे’ हे सगळ्यांनी मनाशी ठरवून टाकलेलं. त्या समजुतीपायी बी पंपाचा शाफ्ट बदलला, इम्पेलर (पंपातलं फिरतं चाक) बदलला, बेअरिंग दोनदा बदलले, लेसर अलाइनमेंट (पंप आणि मोटर एका रेषेत आणणं) दर डिसेंबरात झाली. गळती थांबली नाही.

टर्मिनलचं नाव इथे दिलेलं नाही, कारण अशा ठिकाणी एकेकटे दिसणारे दोष एकत्र आणून हे प्रकरण अभ्यासासाठी रचलं आहे. त्यातला हिशेब मात्र कुणीही कागद घेऊन तपासावा. मेकॅनिकल लीडने, म्हणजे यांत्रिक कामाच्या प्रमुख अभियंत्याने, नेमकं काय करायचं असतं, हे अशा किरकोळ वाटणाऱ्या दुखण्यात जास्त स्पष्ट दिसतं. सील बदलणं हे फिटरचं काम. सील का जातं याचं उत्तर मात्र प्रोसेस, सिव्हिल, पाइपिंग आणि ऑपरेशन या चार टेबलांवर विखुरलेलं असतं, आणि ते गोळा करायला लीडशिवाय कुणी बसत नाही.

यंत्रणा अशी

२० मीटर व्यासाच्या, आत तरंगतं छप्पर असलेल्या दोन टाक्या. तिथून १० इंची सक्शन लाईन जमिनीवरच्या काँक्रीटच्या आधारांवरून ९० मीटर चालत पंपघराशी येते आणि दोन शाखांत फुटते. प्रत्येक शाखेवर बास्केट स्ट्रेनर (गाळणी), मग १० वरून ८ इंचावर आणणारा, एक बाजू सपाट असलेला एक्सेंट्रिक रिड्यूसर, मग पंप. पंप एपीआय ६१० (पंपांचं मानक) च्या ओएच२ धर्तीचे: एकच इम्पेलर, सक्शन (आत येणं) समोरून, डिस्चार्ज (बाहेर जाणं) वरून. प्रवाह २४० घनमीटर प्रतितास, हेड (पंप द्रव जितका उंच चढवू शकतो तो आकडा) ५५ मीटर, ४५ किलोवॅटची फ्लेमप्रूफ मोटर, मिनिटाला २९५० फेरे. २४० म्हणजे गॅन्ट्रीवरचे (टँकर भरायच्या मांडवातले) दोन लोडिंग आर्म, प्रत्येकी मिनिटाला २००० लिटर. सील एकेरी, कार्बन विरुद्ध सिलिकॉन कार्बाइड. फ्लश प्लॅन ११, म्हणजे डिस्चार्जमधूनच थोडं पेट्रोल ३ मिलिमीटरच्या ऑरिफिसमधून सीलकडे वळवलेलं.

ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवायची. प्लॅन ११ मध्ये सीलला गारवा आणि वंगण पंपाच्या स्वतःच्या दाबातून मिळतं. पंपाचा दम तुटला की फ्लशही तुटतो, आणि सीलचे दोन्ही मुखडे (एकमेकांवर घासणारे पृष्ठभाग) कोरडे घासतात.

रजिस्टर उलटं वाचणं

नव्या मेकॅनिकल लीडने पहिलं काम केलं ते रजिस्टर पंपानुसार न लावता महिन्यांनुसार लावण्याचं. अकरापैकी सात सील एप्रिल ते जून या काळात गेलेली: ए ची तीन, बी ची चार. उरलेली चार ऑगस्ट-सप्टेंबरात, चारही बी ची. नोव्हेंबर ते फेब्रुवारी एकही नाही. मग शिफ्टच्या लॉगबुकातून वेळ काढली. उन्हाळ्यातल्या सातपैकी सहा गळत्या दुपारी तीन ते सहाच्या दरम्यान लक्षात आल्या होत्या. पावसाळ्यातल्या चारांना वेळेचं काही बंधन नव्हतं. त्या हळूहळू, आठवडा-दोन आठवडे ठिबकत वाढलेल्या.

ही दोन वेगळी दुखणी असावीत असा संशय इथेच यायला हवा. पण रजिस्टरात कारणाचा रकानाच नव्हता, आणि निघालेलं सील थेट भंगारात जात होतं. लीडने त्याच दिवशी नियम घातला: निघालेलं सील पुसायचं नाही, धुवायचं नाही; दोन्ही मुखडे, स्लीव्ह, ओ-रिंग आणि स्प्रिंग एका पिशवीत, वर पंप, तारीख, वेळ, टाकीची पातळी आणि त्या दिवशीचं तापमान. पुढच्या उन्हाळ्यात एक आणि पावसाळ्यात एक अशी दोन सील हाती आली, तेव्हा फरक डोळ्यांना दिसला.

मे महिन्यातल्या सीलच्या कार्बनची बाहेरची कड टवके उडालेली होती, सिलिकॉन कार्बाइडवर उष्णतेच्या केसासारख्या भेगा, ओ-रिंग कडक झालेली. मुखड्यांच्या मधलं पेट्रोल क्षणात वाफ होऊन मुखडे उघडत-आपटत राहिले की हे असं होतं. सप्टेंबरातल्या सीलचे मुखडे मात्र बरेच चांगले होते. तिथे स्लीव्हवर सरकत्या ओ-रिंगखाली चर पडला होता आणि ड्राइव्ह पिना एका बाजूने झिजल्या होत्या. मुखडा काटकोनात बसत नसला की शाफ्टच्या दर फेऱ्याला सीलला मागे-पुढे डोलावं लागतं. सेकंदाला जवळपास ४९ वेळा डोललं की स्लीव्ह खाल्ली जातेच.

उन्हाळ्याचा हिशेब

दुपारी पंप सुरू झाला की येणारा आवाज फिटर मंडळींना आधीपासून माहीत होता. ‘ताई, पंपमा खडी फिरी ऱ्हायनी,’ हे वाक्य लीडला पहिल्याच मे महिन्यात ऐकायला मिळालं. खडी फिरल्यासारखा आवाज म्हणजे कॅव्हिटेशन (द्रवात वाफेचे बुडबुडे होऊन फुटणं), हे पुस्तकात असतंच. पण प्रोसेसच्या माणसाने डेटाशीट पुढे केली: उपलब्ध एनपीएसएच (पंपाच्या तोंडाशी द्रवाची वाफ होऊ न देणारा दाब, मीटरमध्ये) ५.५ मीटर, पंपाला लागणारा ३.६ मीटर. पुरेसा फरक आहे, मग कॅव्हिटेशन येईल कुठून?

डेटाशीट खोटी नव्हती. ती टाकीतल्या पेट्रोलसाठी काढलेली होती. हिशेब असा: इथे हवेचा दाब सुमारे ९८ किलोपास्कल. टाकीत पेट्रोल ३६ अंशांवर, आणि उन्हाळी प्रतीच्या पेट्रोलचा खरा वाफदाब (ज्याच्या खाली ते उकळू लागतं तो दाब) त्या तापमानाला सुमारे ६० किलोपास्कल. एक मीटर पेट्रोलचा दाब सुमारे ७.१ किलोपास्कल. म्हणजे ९८ उणे ६०, भागिले ७.१, म्हणजे ५.३ मीटर. छप्पर पायांवर टेकायच्या बेतात असताना टाकीतली पातळी १.८ मीटर. टाकीचा पाया आणि पंपाची मध्यरेषा यांतली उंची धरली तर पंपाच्या वर १.५ मीटर द्रव. लाईन आणि फिटिंग्जचं घर्षण ०.८, स्वच्छ स्ट्रेनरचं ०.५. बेरीज-वजाबाकी करून ५.५ मीटर. बरोबर.

चुकलं ते इथे: पंप चालू झाल्याच्या पहिल्या मिनिटात टाकीतलं पेट्रोल पंपात येतच नाही. येतं ते लाईनमधलं. उन्हाळ्यात ही गॅन्ट्री दुपारी १२ ते ३ बंद असते. मे महिन्यात जळगावात पारा ४५ पार जातो, त्या उन्हात टँकरच्या डोक्यावर माणसं चढवणं कुणालाच नको असतं. बंद काळात टाकीच्या अंगचा वॉल्व्ह नियमाप्रमाणे बंद. मळकट करड्या रंगाची, उघड्यावर पडलेली ९० मीटर लाईन तीन तास भाजत राहते. लीडने थर्मोवेलमधून (पाइपातल्या तापमान मोजायच्या नळीतून) मोजलं तर तीन वाजता आतलं पेट्रोल ४८ अंशांवर. या तापमानाला वाफदाब ८४ किलोपास्कलच्या आसपास जातो. तोच हिशेब पुन्हा: ९८ उणे ८४ भागिले ७.१ म्हणजे जेमतेम २ मीटर, त्यात १.५ मिळवा, १.३ वजा करा. हाती २.२ मीटर. पंपाला हवेत ३.६.

या गरम पेट्रोलचं आकारमान किती? १० इंची पाइपाचं आतलं क्षेत्रफळ ०.०५१ चौरस मीटर, गुणिले ९० मीटर, म्हणजे ४.६ घनमीटर. २४० च्या प्रवाहाने ते संपायला सव्वा मिनिट लागतं. सव्वा मिनिट पंप वाफ ओढतो, डिस्चार्जचा दाब पडतो, प्लॅन ११ चा फ्लश पडतो, सील कोरडं चालतं. मग थंड पेट्रोल येतं आणि सगळं सुरळीत दिसू लागतं. ऑपरेटरच्या पडद्यावर याचा मागमूस उरत नाही, कारण त्या ट्रेंडमध्ये पाच मिनिटांची सरासरी दिसते. रोज सव्वा मिनिट, दोन महिने. सील एका दिवसात जात नाही, आणि म्हणूनच बदललेलं नवं सील पहिले काही दिवस निर्दोष वाटतं.

वाढत्या इथेनॉलकडेही इथे बोट दाखवलं गेलं. इथेनॉल मिसळल्यावर पेट्रोलचा वाफदाब वाढतो हे खरं, पण या टर्मिनलवर मिश्रण गॅन्ट्रीवर, पंपाच्या पुढे होतं. या पंपात कोरं पेट्रोल येतं. ज्यांच्याकडे मिश्रण टाकीतच होतं, त्यांनी मात्र वरच्या हिशेबातला वाफदाब वाढवून धरायला हवा.

कागदावरचा हिशेब पटला तरी लाईन उघडून पाहिल्याशिवाय लीडने सही केली नाही, आणि ते बरंच झालं. ए पंपाच्या स्ट्रेनरमध्ये कमिशनिंगच्या वेळची बारीक जाळी तशीच होती. पहिल्या फ्लशिंगनंतर ती काढायची असते. इतकी वर्षं ती गंज आणि तरंगत्या छपराच्या सीलचे रबरी कण साठवत बसली होती. स्ट्रेनरच्या दोन्ही बाजूंना दाबमापक नव्हता, त्यामुळे ती किती चोंदली आहे हे कळायला मार्ग नव्हता. बी पंपाकडे वेगळीच गंमत. एक्सेंट्रिक रिड्यूसरची सपाट बाजू वर हवी, तिथे ती खाली बसवलेली. १० इंची आणि ८ इंची पाइपाच्या बाहेरच्या व्यासांतला फरक ५४ मिलिमीटर. तेवढा खोल वाफेचा कप्पा थेट पंपाच्या तोंडाशी तयार झालेला. ड्रॉइंगमध्ये ‘सपाट बाजू वर’ असंच लिहिलेलं होतं. उभारणीच्या वेळी वेल्डिंग झाल्यावर कुणी स्पिरिट लेव्हल लावून पाहिली नाही.

पावसाळ्याचं दुखणं जमिनीतलं

तापीकाठच्या काळ्या मातीत ज्यांनी घर बांधलंय त्यांना हे सांगायला नको. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यात तीच माती फुगते आणि भिंती तडकवते. पंपाचा पाया खोल नेलेला होता, खाली न फुगणारी मुरमाची भर दाबून घातलेली. पाइपाचे आधार मात्र दीड मीटर खोलीच्या साध्या फूटिंगवर, थेट काळ्या मातीत. एकाच लाईनची दोन टोकं दोन वेगळ्या जमिनींवर उभी.

सर्व्हेयरकडून ऑटो लेव्हलने दोनदा मोजमाप घेतलं, मे अखेरीस आणि सप्टेंबरात. बेंचमार्क ऑफिसच्या पाइलवरच्या जोत्यावर घेतला. टर्मिनलच्या कंपाउंड भिंतीवरचा जुना बेंचमार्क स्वतःच हलत असणार, त्याच्यावर विश्वास ठेवायचा नव्हता. चार महिन्यांत पंपाचा ब्लॉक १ मिलिमीटर हलला. बी पंपापासून ३ मीटरवरचा पहिला आधार ११ मिलिमीटर वर आला होता, त्यामागचा ७, तिसरा २. ए पंपाचा पहिला आधार फक्त ४. बी च्या बाजूला पावसाच्या पाण्याचं गटार फुटलेलं, त्यामुळे नेमकं तिथेच पाणी मुरत होतं. बी पंप ‘खराब’ असण्याचं हे मूळ.

११ मिलिमीटरने काय होतं? १० इंची, शेड्यूल ४० पाइप ३ मीटर अंतरावर १० मिलिमीटर उचलला आणि नोझल (पंपाचं तोंड) घट्ट धरलंय असं मानलं, तर ढोबळ सूत्राने सुमारे १५ किलोन्यूटन बल येतं. प्रत्यक्षात बेसप्लेट लवते, रिड्यूसर आणि फ्लँज (बोल्टने जोडायच्या चकत्या) थोडे देतात, म्हणून एवढं येत नाही. पण एपीआय ६१० मध्ये ८ इंची नोझलला दिशेनुसार ३ ते ५ किलोन्यूटनपर्यंतच मुभा आहे. एक तृतीयांश भार आला तरी मर्यादा गाठली.

मग दरवर्षीची लेसर अलाइनमेंट काय करत होती? ती अगदी बरोबर होत होती, डिसेंबरात. तेव्हा माती पुन्हा बसलेली असते. वार्षिक देखभालीचा महिना जमिनीच्या सोयीचा निघाला, आणि अहवालात दर वर्षी हिरवी खूण पडत गेली. सप्टेंबरात लीडने पाइप स्ट्रेनची चाचणी घ्यायला लावली. कपलिंगवर उभा आणि आडवा असे दोन डायल गेज लावायचे, शून्यावर आणायचे, मग सक्शन फ्लँजचे बोल्ट क्रमाने सैल करायचे आणि सुई पाहायची. एपीआय ६८६ (यंत्रं बसवण्याचं मानक) नुसार सुई ०.०५ मिलिमीटरच्या पुढे जाता कामा नये. गेली ०.४२. बोल्ट पूर्ण सुटल्यावर पाइपाचा फ्लँज ६ मिलिमीटर वर उसळला. हीच चाचणी डिसेंबरात घेतली तेव्हा ०.०४.

कंपनाच्या नोंदीही आता अर्थ सांगू लागल्या. मे महिन्यात उंच वारंवारतेवर पसरलेला गोंधळ, सप्टेंबरात फेऱ्यांच्या एकपट आणि दुप्पट वारंवारतेवर स्पष्ट टोकं आणि शाफ्टच्या दिशेने वाढलेलं कंपन. आधीच्या अहवालांत दोन्हींसाठी एकच शेरा होता: ‘कंपन जास्त.’

टेबलावरचे पर्याय

सील विक्रेत्याने दुहेरी सीलचा प्रस्ताव दिला. सुरक्षिततेसाठी तो योग्यच आहे. पेट्रोलसारख्या द्रवावर एकेरी सील हे जुन्या काळचं काटकसरीचं रूप झालं. लीडने तो फेटाळला नाही, पण त्या वर्षीच्या कामातून वेगळा ठेवला. कारण सरळ आहे. कॅव्हिटेशन आणि नोझलवरचा ताण तसाच ठेवून दुहेरी सील लावलं, तर आतलं सील तसंच जाणार. फरक एवढाच की गळती जमिनीवर न दिसता बफर टाकीच्या (दोन सीलांमधल्या द्रवाच्या टाकीच्या) अलार्ममध्ये दिसणार. महागडं सील मूळ दोषावर पांघरूण घालतं आणि पुढच्या लीडला तो शोधणं आणखी अवघड होतं.

हिशेबाने पाहता सर्वांत सोपा उपाय टाकीची किमान पातळी १.८ वरून ३ मीटरवर नेण्याचा. १.२ मीटर फुकट मिळतात. पण २० मीटर व्यासाच्या टाकीत १.२ मीटर म्हणजे सुमारे ३७७ घनमीटर पेट्रोल कायमचं अडकून राहतं, तेही दोन टाक्यांत. ऑपरेशनचे व्यवस्थापक यावर अडून बसले आणि त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. लाईन जमिनीत पुरावी ही सूचना सिव्हिलकडून आली. काळ्या मातीत पुरलेल्या लाईनला कॅथोडिक संरक्षण लागतं, गळती दिसत नाही, आणि बदलाला पेसोची (पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेची) मंजुरी लागते. नको.

निघालेला उपाय स्वस्त होता. डिस्चार्जवरून टाकीकडे परत जाणारी ४ इंची लाईन आधीपासून होती, वापरात नव्हती. दुपारी तीनला पंप सुरू करताना गॅन्ट्रीकडे न देता ७० घनमीटर प्रतितासाने चार मिनिटं त्याच टाकीत फिरवायचा. त्या प्रवाहाला पंपाला लागणारा एनपीएसएच २.१ मीटर, लाईनमधलं घर्षण नगण्य. हाती ३.४ मीटर. ४.६ घनमीटर गरम पेट्रोल चार मिनिटांत टाकीत जातं, मग आर्म उघडायचे. ७० हा आकडा अंदाजपंचे नाही: पंपाचा किमान स्थिर प्रवाह ६५, त्याखाली गेलं तर इम्पेलरच्या तोंडाशी उलटे भोवरे सुरू होतात. दुपारची सुरुवात दोन टाक्यांपैकी जास्त भरलेल्या टाकीतून करायची, एवढीच पातळीची अट ठेवली.

सोपं दिसलं तरी हा पद्धतीतला बदल आहे आणि त्याची रीतसर छाननी झाली. परतीचं नोझल द्रवाच्या खाली आहे ना, हे पाहिलं. पेट्रोल वरून पडत गेलं तर स्थिर विद्युत साचते. ज्या टाकीतून ओढलं त्याच टाकीत परत जातंय याची वॉल्व्हवर कुलूपबंद व्यवस्था केली, नाहीतर एका टाकीचा साठा नकळत दुसरीत जाऊन ती ओतू जाण्याचा धोका, शिवाय हिशेबाचा घोळ. बंद लाईनमधलं पेट्रोल तापताना दाब झपाट्याने चढतो, त्यासाठीचा थर्मल रिलीफ वॉल्व्ह आणि त्याच्या अलीकडचे-पलीकडचे वॉल्व्ह उघडे कुलूपबंद आहेत हेही तपासलं. २९ ऑक्टोबर २००९ ला जयपूरच्या सीतापुरा टर्मिनलवर वॉल्व्ह जोडणीच्या वेळी पेट्रोल बाहेर पडलं आणि वाफेच्या ढगाचा स्फोट झाला. त्यानंतर ‘दोन वॉल्व्हचंच तर काम’ हे वाक्य या उद्योगात कुणी उच्चारू नये.

काम कसं लावलं

वेळ फेब्रुवारी ते मार्चची निवडली: माती बसलेली, ऊन अजून सौम्य, आणि एका पंपावर भरणी भागते. आधी बी, मग ए.

रिड्यूसर वेल्डेड होता. परवानाक्षेत्रात कटिंग-वेल्डिंग टाळायचं म्हणून स्ट्रेनर ते पंप हा सबंध तुकडा दोन्ही टोकांना फ्लँज असलेला नवा स्पूल करून घेतला, जळगाव एमआयडीसीतल्या फॅब्रिकेटरकडे. पाइप ए१०६ ग्रेड बी, रिड्यूसर ए२३४ डब्ल्यूपीबी, फ्लँज ए१०५, १५० क्लास. सगळ्या बट जोडांची १०० टक्के रेडिओग्राफी आणि डिझाइन दाबाच्या दीडपट हायड्रोटेस्ट. पहिला स्पूल लीडने परत पाठवला. १० इंची फ्लँजची भोकं उभ्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना सारखी यायला हवीत. एक भोक नेमकं मध्यरेषेवर आलं होतं. फिटर म्हणाला, चेन पुली लावून बसवून घेऊ. तसं बसवणं म्हणजे जो ताण काढायला आलो तोच पुन्हा भरणं. १२ बोल्टांच्या फ्लँजला अर्ध्या भोकाची चूक म्हणजे १५ अंश फिरवलेला पाइप, आणि पाइप फिरवला की रिड्यूसरची सपाट बाजू पुन्हा वर राहत नाही.

आधारांसाठी अंडर-रीम्ड पाइल घेतले. काळ्या मातीसाठीची ही पद्धत रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने रुजवली आणि गावच्या घरांपासून टर्मिनलपर्यंत ती चालते. ३०० मिलिमीटर व्यास, ३.५ मीटर खोली, तळाशी ७५० मिलिमीटरचा फुगा. दोन्ही पंपांचे पहिले आधार आणि बी चा दुसरा, असे तीन पाइल. वरच्या काँक्रीट ब्लॉकखाली ८० मिलिमीटरची पोकळी सोडली. ब्लॉक मातीवर टेकला तर माती त्यालाच उचलते आणि पाइल घातला काय न घातला काय, सारखंच. या पोकळीत ठेकेदाराच्या माणसांनी सवयीप्रमाणे मुरूम भरला होता, तो उकरून काढावा लागला. फुटलेलं गटार दुरुस्त करून पंपघरापासून लांब वळवलं. पाइलवरच्या आधाराला स्क्रू जॅकची रचना दिली, म्हणजे पुढेमागे मिलिमीटरभर फरक पडला तर पान्याने निस्तरता येतो.

परवान्याच्या दिवशी क्रम असा ठेवला: मोटरचा ब्रेकर बाहेर काढून कुलूप, टाकीकडच्या बाजूला ब्लाइंड (लाईन बंद करणारी चकती), शाखेतलं पेट्रोल बंद ड्रेनमधून काढणं, फ्लँज उघडण्याआधी दोन्ही बाजूंना अर्थिंगची तार, मग गॅस टेस्ट. काम सकाळी सहा ते दहा. ब्लाइंडची यादी ही एकमेव अशी यादी होती जिच्यावर लीडने स्वतः प्रत्येक ब्लाइंडपाशी उभं राहून सही केली, काढतानाही तसंच.

जोडणी पंपाच्या नोझलपासून सुरू करून मागे टाकीकडे नेली. बोल्ट न लावता ८ इंची फ्लँज आपोआप समोरासमोर येतात का ते पाहिलं. त्या फ्लँजच्या ३४३ मिलिमीटर व्यासाला समांतरतेत ०.३४ मिलिमीटरपर्यंत फरक चालतो, फीलर गेजने ०.२ आला. मग डायल गेज लावून बोल्ट तीन फेऱ्यांत, तिरप्या जोड्यांनी आवळले. सुई ०.०३ वर थांबली. हा होल्ड पॉइंट होता: आकडा लीडने पाहिल्याशिवाय अलाइनमेंट सुरू करायची नाही. ए पंपाला हेच सगळं पुन्हा. तिथे रिड्यूसर बरोबर होता, म्हणून स्पूल बदलला नाही. दोन्ही स्ट्रेनरना दाबफरक मापक बसवले आणि साफसफाई ‘दर तिमाहीला’ न ठेवता दाबफरकावर बांधली.

पुढे काय झालं

पुढच्या उन्हाळ्यात खडीचा आवाज आला नाही. चार मिनिटांच्या फेरीवर पहिले काही दिवस गॅन्ट्रीवर कुरकुर झाली, मग ऑपरेटरच ती पावणेतीनला सुरू करू लागला आणि तीनच्या ठोक्याला भरणी चालू होऊ लागली. सप्टेंबरात बी च्या पहिल्या आधाराची उचल १ मिलिमीटर, पाइप स्ट्रेन ०.०३. अलाइनमेंटची तपासणी आता डिसेंबरात एकदा आणि सप्टेंबरात एकदा होते.

तरीही जूनमध्ये ए पंपाचं एक सील गेलं. पिशवीतलं सील पाहिल्यावर ते कोरडं चालल्याचं दिसलं, पण गळती सकाळी आठची होती, दुपारची नव्हती. प्लॅन ११ चा ऑरिफिस उघडला तर ३ मिलिमीटरच्या भोकात जाळीच्या तारेचा तुकडा. जाळी साफ करताना हवेच्या जेटने तिची शिवण उसवली होती. त्यानंतर नुसत्या जाळीची बास्केट बंद करून छिद्रित पत्र्याच्या आधारावर जाळी चढवलेली बास्केट घेतली. जेट बंद, ब्रश चालू.

दुहेरी सीलची खरेदी आता पुढच्या अंदाजपत्रकात आहे, आणि तिथे खान्देशचं हवामान पुन्हा आडवं येतं. बफर द्रव दाबाखाली न ठेवणाऱ्या प्लॅन ५२ ला आतली गळती वाफेच्या रूपात सोडायला फ्लेअर किंवा वाफ परत घेणारी यंत्रणा लागते. या टर्मिनलवर दोन्ही नाहीत. म्हणून प्लॅन ५३बी, ज्यात नायट्रोजन भरलेली रबरी पिशवी (ब्लॅडर) अॅक्युम्युलेटर नावाच्या टाकीत बसून द्रव दाबाखाली ठेवते. पण जानेवारीच्या पहाटे १० अंश आणि मे महिन्यात उन्हात तापलेल्या अॅक्युम्युलेटरला ६० अंश, या दोन टोकांत त्याच नायट्रोजनचा दाब १८ टक्क्यांनी बदलतो. अलार्मचा दाब एकाच आकड्यावर लावला, तर थंडीत खोट्या गळतीचे अलार्म येतील आणि उन्हाळ्यात खरी गळती लपेल. विक्रेत्याकडून तापमानानुसार दुरुस्त होणारा अलार्म मागवला आहे, आणि अॅक्युम्युलेटरवर पत्र्याची सावली त्याच मागणीपत्रात लिहिली आहे.